मेथीदाण्याच्या अर्काचे सप्लिमेंट: कशासाठी घ्यावे, कोणी टाळावे आणि परिणाम कसा तपासावा

मेथीदाण्याच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची कारणे निरनिराळी असतात. कोणाला रक्तातील साखर आटोक्यात आणायची असते, कोणाला कोलेस्टेरॉल किंवा वजन कमी करायचे असते, बाळंतिणीला दूध वाढावे असे वाटते, तर व्यायाम करणाऱ्या तरुणाला टेस्टोस्टेरॉन वाढवायचे असते. यांतील काही अपेक्षांना संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे, काहींना अगदीच तोकडा. मात्र खरा गोंधळ याच्याही आधी सुरू होतो. ज्या प्रयोगांचा हवाला देऊन कॅप्सूल विकली जाते, त्यांतील बरेचसे प्रयोग मेथीच्या पुडीवर आणि रोज कित्येक ग्रॅमच्या मात्रेत झालेले आहेत, आणि कॅप्सूलमध्ये असतो काहीशे मिलिग्रॅम अर्क. या दोन गोष्टी एकच धरून चालल्यास अपेक्षाभंग ठरलेला आहे. म्हणून हा लेख फायद्यांच्या यादीने सुरू न करता दाण्यात काय असते आणि अर्कात त्यातील काय उतरते, येथून सुरू होतो.

पहिली पायरी: पूड आणि अर्क यांतील फरक समजून घ्या

मेथी ही शेंगवर्गीय वनस्पती आहे आणि तिच्या दाण्याची रचनाही त्या वर्गाला साजेशी आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात आणि तंतुमय पदार्थांचा वाटा, मोजण्याच्या पद्धतीनुसार, पाव भागापासून निम्म्या भागापर्यंत भरतो. या तंतूंपैकी विरघळणारा मुख्य भाग म्हणजे गॅलॅक्टोमॅनन. भिजवलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो, तो याचाच. पोटात गेल्यावर हा पदार्थ पाणी शोषून दाट होतो, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि जेवणातील साखर आतड्यातून रक्तात हळूहळू उतरते. जेवणानंतरची साखर एकदम उसळू न देण्याचे मेथीचे काम बव्हंशी या साध्या भौतिक क्रियेने होते.

तंतूंखेरीज दाण्यात आणखी काही क्रियाशील घटक असतात. कडवट चवीत वाटा असलेली सॅपोनिने, ज्यांपासून डायोसजेनिन मिळते; ट्रायगोनेलिन हे अल्कलॉइड; आणि ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन हे अमिनो आम्ल, जे प्रथिने घडवण्याच्या कामी येत नाही. या अमिनो आम्लाकडे संशोधकांचे लक्ष गेले त्याला कारण आहे. प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या वेगळ्या काढलेल्या पेशीपुंजांवर तपासले असता, भोवतालची साखर वाढलेली असतानाच ते इन्सुलिनचा स्राव वाढवते, एरवी नाही, असे आढळले. अर्थात पेशीपुंजावर दिसलेला परिणाम गोळीवाटे माणसात तितकाच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता अर्काकडे येऊ. अर्क काढण्यासाठी बहुधा अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण वापरतात. गॅलॅक्टोमॅनन अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे अल्कोहोलचे प्रमाण जास्त असेल तर ते चोथ्यात मागे राहते आणि सॅपोनिने व इतर लहान रेणू अर्कात उतरतात. म्हणजे साखरेचे शोषण मंदावणारा घटकच अशा अर्कातून मोठ्या प्रमाणात वगळला जातो. याच्या उलट, केवळ तंतू वेगळे काढूनही उत्पादने तयार केली जातात, ज्यांत गॅलॅक्टोमॅनन भरपूर आणि सॅपोनिने कमी असतात. दोन्हींच्या बाटलीवर ‘मेथीदाण्याचा अर्क’ असेच लिहिलेले असू शकते.

हा फरक पाहण्यासाठी एक कॅप्सूल उघडून तिच्यातील भुकटी चमचाभर कोमट पाण्यात ढवळून पंधरा मिनिटे ठेवावी. तंतुप्रधान भुकटी किंवा साधी पूड फुगते आणि पाणी चिकट, दाट होते. सॅपोनिनप्रधान अर्काचे पाणी पातळच राहते, रंग तपकिरी येतो आणि ढवळल्यावर वर फेस धरतो. ही शुद्धतेची चाचणी नव्हे. हातात आलेली वस्तू साधारण कोणत्या जातीची आहे, एवढेच तिने कळते, पण पुढचे बरेच निर्णय तेवढ्याने सोपे होतात.

दुसरी पायरी: एकच उद्देश ठरवा आणि त्यापुरता पुरावा पाहा

साखरेबाबतचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य होईल. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना दहा दिवस रोज १०० ग्रॅम तेलविरहित मेथीपूड दोन जेवणांत विभागून देण्यात आली. त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली आणि २४ तासांत लघवीवाटे जाणारे ग्लुकोज ५४ टक्क्यांनी घटले. परिणाम लक्षणीय खरा, परंतु मात्रा पाहा: रोज १०० ग्रॅम. कॅप्सूलच्या रूपाने इतके घेणे कोणालाच शक्य नाही.

नंतरच्या प्रयोगांत मात्रा बरीच खाली आली. २०१४ मध्ये दहा प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी सुमारे १७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, जेवणानंतर दोन तासांची साखर सुमारे ३९ मिलिग्रॅम आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ०.८५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मात्र हा परिणाम ज्यांना मधुमेह होता आणि जे रोज किमान ५ ग्रॅम मेथी घेत होते, त्यांच्यात ठळक होता. त्याखालच्या मात्रेत तो स्पष्ट दिसला नाही. शिवाय त्यांतील अनेक प्रयोगांची आखणी सदोष होती, त्यामुळे हे आकडे अंतिम मानू नयेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील १४० व्यक्ती होत्या. त्यांतील एका गटाने रोज १० ग्रॅम मेथीपूड जेवणाआधी दोन वेळा विभागून घेतली, आणि न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट अधिक आढळली. हाही अभ्यास पुडीचाच.

अर्काचा स्वतंत्र पुरावा शोधू गेल्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला जयपूरचा प्रयोग समोर येतो. त्यात नव्याने टाइप २ मधुमेह झालेल्या २५ रुग्णांपैकी काहींना दोन महिने रोज १ ग्रॅम अल्कोहोल-पाण्यातील अर्क देण्यात आला, तर उरलेल्यांना आहार-व्यायामाच्या सल्ल्यासोबत औषधविरहित कॅप्सूल. दोन महिन्यांनंतर उपाशीपोटीच्या आणि दोन तासांनंतरच्या साखरेत दोन्ही गटांत फरक राहिला नाही. मात्र साखर दिल्यानंतर रक्तातील साखर आणि इन्सुलिन यांची एकूण चढण अर्क घेणाऱ्यांत कमी होती, इन्सुलिनला होणारा अवरोध घटला होता आणि ट्रायग्लिसराइड्सही उतरले होते. म्हणजे अर्क निरुपयोगी ठरला नाही, पण पुडीचे आकडे अर्काला लावणे चुकीचे ठरेल, हे या छोट्या प्रयोगावरूनही कळते. माझे स्पष्ट मत असे, की साखरेसाठीच मेथी घ्यायची असेल आणि कडवटपणा सोसत असेल, तर मोजून घेतलेली पूड किंवा तंतुप्रधान उत्पादन हा अधिक आधार असलेला पर्याय आहे.

कोलेस्टेरॉलमध्ये घट दिसते, पण ती माफक असते. डॉक्टरांनी दिलेल्या स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाला हा पर्याय नाही. भुकेबाबत, २००९ मध्ये १८ स्थूल व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात सकाळच्या खाण्यात ८ ग्रॅम मेथीतंतू मिसळल्यावर पोट भरल्याची भावना वाढली आणि भूक कमी वाटली. येथेही काम तंतूंचेच आहे, आणि एका वेळच्या तृप्तीवरून महिनोन्‌महिन्यांच्या वजनघटीचा निष्कर्ष काढता येत नाही. युरोपीय औषध संस्थेने मेथीदाणा पोटात घेण्याचा पारंपरिक वापर मान्य केला आहे तो भूक तात्पुरती मंदावली असताना ती वाढावी यासाठी, म्हणजे वजन घटवण्याच्या दाव्याच्या नेमका उलट दिशेने. बाटलीवरील दावा वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

मासिक पाळीच्या वेदनांवर १०१ विद्यार्थिनींचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत पुडीच्या कॅप्सूल घेणाऱ्या गटात वेदना अधिक कमी झाल्या. आशादायक असला तरी हा एकच प्रयोग आहे. दूध वाढण्याबाबतचे प्रयोग लहान आणि परस्परविरोधी आहेत. बाळाने स्तन नीट पकडणे आणि दूध वारंवार पाजले जाणे यांचा प्रभाव कितीतरी मोठा असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होऊन सगळी भिस्त कॅप्सूलवर गेली तर बाळाचे नुकसान होते. टेस्टोस्टेरॉनबाबत रोज ५०० ते ६०० मिलिग्रॅम अर्काचे काही प्रयोग झाले. काहींत वाढ दिसली, काहींत नाही, आणि त्यांतील अनेकांना उत्पादकांचेच अर्थसाहाय्य होते.

तिसरी पायरी: आपण घेऊ शकतो का, हे आधी तपासा

गर्भवतींनी हे सप्लिमेंट घेऊ नये. मेथी गर्भाशयाच्या आकुंचनाला चालना देऊ शकते, आणि प्राण्यांवरील अभ्यासांत मोठ्या मात्रेचे गर्भावर अनिष्ट परिणाम दिसले आहेत. येथे आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट आहे. मेथीतील सोटोलोन या द्रव्याला काकवीसारखा गोड वास असतो आणि तो घामातून व लघवीतून बाहेर पडतो. आईने प्रसूतीच्या सुमारास मेथी घेतली असल्यास नवजात बाळाच्या अंगालाही तो येतो, आणि मेपल सिरप युरिन डिसीज या गंभीर जन्मजात विकाराचा संशय येऊन बाळाच्या विनाकारण तपासण्या झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे मेथी घेतली असेल तर ते प्रसूतिगृहात सांगितले पाहिजे.

शेंगदाणे, हरभरा किंवा इतर शेंगवर्गीय धान्यांची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष सावध राहावे. मेथीतील काही प्रथिने शेंगदाण्यातील ॲलर्जीकारक प्रथिनांशी मिळतीजुळती आहेत, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीनेही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. पूर्वी कधी शेंगदाण्याने घसा सुजला असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर हे सप्लिमेंट थोडेसे चाखून पाहण्याचाही प्रयोग घरी करू नये.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. २००१ मध्ये नोंदवलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत वॉरफरिनसोबत बोल्डो ही औषधी वनस्पती आणि मेथी घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वाढला आणि या दोन्ही वनस्पती बंद केल्यावर पुन्हा खाली आला. स्तन, गर्भाशय अशा संप्रेरकांशी निगडित कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनीही कर्करोगतज्ज्ञांची संमती घ्यावी. लहान मुलांना सप्लिमेंटच्या मात्रेत मेथी देण्याचे कारण नाही.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांसाठी प्रश्न मनाईपेक्षा समन्वयाचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर मेथीची भर पडून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका कमी असतो.

चौथी पायरी: लेबल ओळीओळीने वाचा

समजा बाटलीवर असे लिहिले आहे: ‘मेथीदाण्याचा अर्क ५०० मिलिग्रॅम, १०:१, ५० टक्के सॅपोनिन’. यातील १०:१ चा अर्थ असा, की दहा किलो दाण्यांपासून एक किलो अर्क निघाला. म्हणून एक कॅप्सूल ५ ग्रॅम दाण्यांपासून तयार झाली, इतके म्हणता येते. ती ५ ग्रॅम दाण्यांइतकी आहे, असे म्हणता येत नाही, कारण त्या दाण्यांतील तंतू बहुधा चोथ्यासोबत गेलेले आहेत. ‘५० टक्के सॅपोनिन’ म्हणजे कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम सॅपोनिन. ही माहिती १०:१ पेक्षा अधिक उपयुक्त आहे, कारण तिच्यावरून दोन उत्पादनांची तुलना करता येते. केवळ गुणोत्तर दिले असेल आणि कोणत्या घटकाचे प्रमाण निश्चित केले आहे हे सांगितले नसेल, तर प्रत्येक बाटलीत तीच वस्तू येईल याची खात्री नसते.

‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या नावाखाली अनेक वनस्पतींचे मिळून एकच वजन दिलेले असेल, तर ती बाटली बाजूला ठेवावी. त्यात मेथी किती हे कळत नाही, आणि उद्या त्रास झाला तर तो कशाने झाला हेही ठरवता येत नाही. बॅच क्रमांक, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि स्वतंत्र प्रयोगशाळेच्या तपासणीची खूण पाहावी. यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या संस्थांची मोहोर असल्यास लेबलावरचा घटक आत खरोखर आहे आणि शिसे, जंतू वगैरे मर्यादेत आहेत, एवढा भरवसा मिळतो. उत्पादनाने फायदा होईलच, असे ती मोहोर सांगत नाही.

जंतूंचा मुद्दा कच्च्या पुडीच्या बाबतीत मनावर घेण्यासारखा आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४:एच४ या प्रकाराची मोठी साथ आली, जवळपास ४,००० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. तिचा माग अंकुरित कडधान्यांपर्यंत आणि तेथून इजिप्तमधून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत लागला. अंकुरणाच्या उबदार ओलाव्यात जंतू झपाट्याने वाढतात, तशी स्थिती कोरड्या पुडीत नसते. तरीही प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी उष्णतेची किंवा निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया न झालेली पूड टाळणे शहाणपणाचे आहे.

पाचवी पायरी: सुरुवात सावकाश करा

सुरू करण्यापूर्वी मूळ स्थितीची नोंद असणे आवश्यक आहे. साखरेसाठी घेत असाल तर एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल. ही नोंद नसेल तर तीन महिन्यांनंतर हाती फक्त ‘बरे वाटते’ एवढेच राहते.

पहिला आठवडा ठरलेल्या मात्रेच्या निम्म्यापेक्षा जास्त घेऊ नये. अर्काची प्रयोगांत वापरलेली मात्रा साधारणपणे रोज ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम आहे. पुडीची ५ ते १० ग्रॅम, दोन वेळा विभागून. पूड आणि तंतू जेवणाच्या थोडे आधी किंवा जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावेत. कोरडी पूड तोंडात टाकून घोटभर पाण्यावर ढकलू नये, कारण ती घशात फुगू शकते. पोट फुगणे, वायू, पातळ शौच या सुरुवातीच्या सर्वसाधारण तक्रारी आहेत आणि मात्रा हळूहळू वाढवल्यास त्या बहुधा ओसरतात.

इतर औषधे आणि तंतुप्रधान मेथी यांत किमान एक ते दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण दाट झालेला चिकट पदार्थ औषधाचे शोषण लांबवू शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी अंतर याहून अधिक ठेवावे; गोळी सकाळी उठल्यावर आणि मेथी दुपारच्या जेवणासोबत, ही सोपी सोय आहे.

ज्यांची साखर उतरण्याचा धोका आहे, त्यांनी पहिले दोन-तीन आठवडे ग्लुकोमीटरने अधिक वेळा तपासणी करावी. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकाएकी प्रचंड भूक लागणे ही लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली आली, तर लगेच सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने कमी करू नये.

सहावी पायरी: परिणाम मोजा आणि मग पुढचे ठरवा

एचबीए१सी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांनंतरच पुन्हा करावी. महिनाभरात केल्यास अर्धवट चित्र मिळते. या काळात आहार, व्यायाम आणि औषधे शक्य तितकी स्थिर ठेवावीत. कॅप्सूलसोबतच रोजचे चालणे सुरू केले आणि साखर उतरली, तर श्रेय कोणाचे हे सांगता येणार नाही. चालणे थांबवा, असा याचा अर्थ अजिबात नाही. ते आधी सुरू करावे, साखर एका पातळीवर स्थिरावू द्यावी आणि मग सप्लिमेंटची परीक्षा घ्यावी.

एचबीए१सीमध्ये ०.५ टक्क्यांची किंवा अधिक घट झाली, तर ती दखल घेण्याजोगी आहे. ०.१ किंवा ०.२ चा फरक चाचणीच्या नेहमीच्या चढउतारातही पडतो. तीन महिने नियमित घेऊनही आकडा हलला नसेल, तर मात्रा वाढवत राहण्यापेक्षा सप्लिमेंट बंद करावे. अंगावर पित्त उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे, कारण नसताना काळे-निळे वण उमटणे यांपैकी काहीही दिसले तर तीन महिन्यांची वाट पाहू नये, ते तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. घामाला काकवीसारखा वास येणे हे मात्र निरुपद्रवी आहे आणि बंद केल्यावर तो जातो.

ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर वनस्पतिजन्य सप्लिमेंट साधारणपणे दोन आठवडे आधी बंद करण्याचा सल्ला दिला जातो, आणि भूलतज्ज्ञांना त्याचे नाव व मात्रा सांगावी लागते. मेथी बंद करताना ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याची गरज नसते. परंतु ती चालू असताना डॉक्टरांनी मधुमेहाच्या औषधाची मात्रा कमी केली असेल, तर मेथी थांबवल्याचे त्यांना त्याच आठवड्यात कळवावे आणि पुढील काही आठवडे साखर पूर्वीपेक्षा अधिक वेळा तपासावी, कारण कमी केलेली मात्रा आता अपुरी पडू शकते.